आधी भाऊबंद, मग पूर्वज

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा सरळ वर चढतो. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. प्रत्येक पिढीतला एक पुरुष घ्यायचा, त्याच्या वडिलांचे नाव मिळवायचे आणि पुढची पायरी गाठायची. चौथ्या-पाचव्या पायरीशी ही चढण थांबते, कारण त्यापुढचे सांगणारे घरात कोणी उरलेले नसते आणि कागद कुठे शोधावा हे ठाऊक नसते. मग मधली शेदोनशे वर्षे एका उडीत ओलांडून मूळपुरुषाची कथा जोडली जाते: तीन भाऊ होते, एक गावात राहिला, एक कोकणात उतरला, एक वऱ्हाडात गेला. तीन भावांची ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ऐकायला मिळते आणि बहुतेक वंशावळींचा वरचा टोकाचा भाग तिच्यावरच उभा असतो.

हे पुस्तक त्या अडलेल्या पायरीवर थांबलेल्या वाचकासाठी आहे. त्याला माझे सांगणे एकच आहे. वरची वाट बंद झाली की आडवे चालावे. पणजोबांच्या वडिलांचे नाव पणजोबांच्या कागदांत मिळत नसेल, तर ते त्यांच्या धाकट्या भावाच्या शाखेत मिळते, दुसऱ्या तालुक्यात दिलेल्या बहिणीच्या सासरी मिळते, किंवा बांधाला बांध लागलेल्या भाऊबंदाच्या फेरफारात मिळते. पूर्वज शोधायचे तर आधी त्यांचे भाऊबंद, त्यांच्या लेकी, त्यांचे व्याही आणि शेजारी गोळा करावे लागतात.

याचे कारण कागद कसे टिकतात यात आहे. घराच्या वाटण्या होतात तेव्हा जमीन, भांडी, गुरे मोजून वाटली जातात. कागद कोणी मोजून वाटत नाही. देव थोरल्याकडे राहतात आणि कागद बहुधा त्या भावाकडे जातात ज्याने कोर्टकचेऱ्या केल्या. दावा चालवायला सनदेची नक्कल लागते, वाटणीपत्र लागते, दत्तकपत्र लागते. वकिलाकडून परत आलेला तो गठ्ठा मग त्याच घरात राहतो आणि पिढीदरपिढी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर जातो. थोरल्या शाखेचे वंशज आमच्याकडे काही नाही म्हणतात ते खरेच असते. त्यांच्या पणजोबांच्या सहीचा कागद चुलत घराण्याच्या ट्रंकेत असतो, आणि त्या घराशी दोन पिढ्या येणेजाणे नसते. कधीकाळच्या बांधाच्या भांडणाने तुटलेले असे संबंध जोडणे हा शोधाचा पहिला आणि सर्वांत अवघड भाग आहे. तो कोणत्याही संकेतस्थळावर होत नाही.

आता सरकारी कागदांकडे वळू. सातबारा सगळ्यांना माहीत असतो. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात लिहिलेला आकडा हा फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढला की मालकी कुणाकडून कुणाकडे आणि कशी आली ते कळते, आणि आधीच्या नोंदीचा माग लागतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे फेरफारांची ही साखळी नशिबाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत जाते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा. अनेक जिल्ह्यांचे जुने कागद आता ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात.

त्यातली एक वारसनोंद जवळून पाहू. समजा, ती १९६१ सालची आहे. मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख, आणि खाली वारस: मुलगा, वय चाळीस, दुसरा मुलगा, वय पस्तीस, तिसरा मयत, त्याचा मुलगा अज्ञान, अ.पा.क. आई, विधवा, आणि शेवटी दोन मुली, त्यांच्या सासरच्या नावांनिशी, राहणार अमुक गाव, तालुका तमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. या पाच-सहा ओळींत एक अख्खे कुटुंब उभे आहे. तिसरा मुलगा बापाच्या आधी गेला, त्याची बायको लहान मूल घेऊन सासरीच राहिली, दोन लेकी कुठे दिल्या, हे सगळे इथे आहे. मात्र १९५६ चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी, मुलगे असताना मुली वारस नसत. त्या काळच्या नोंदीत मुलगेच दिसले म्हणून लेकी नव्हत्या असे समजू नये. तसेच एखाद्या नावापुढे ए.कु.मॅ. असे लिहिलेले असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला असतो. त्याच्या पाठीमागे दोन, तीन, कधी पाच भाऊ नोंदीबाहेर उभे असतात, आणि आपला पणजोबा त्यांच्यातलाच एक असू शकतो. फक्त आपल्या नावाचा सातबारा पाहणाऱ्याला तो कधीच भेटणार नाही.

जन्माची नोंद शोधतानाही आडवे जावे लागते, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणून आजोबांचा जन्म त्यांच्या वडिलांच्या गावच्या जन्म-मृत्यू नोंदीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, अनेकदा नसतो. तो त्यांच्या आजोळच्या गावच्या नमुन्यात असतो. पणजीचे माहेर ठाऊक नसेल तर तो कागद हाती लागणे कठीण. पणजीचे माहेर मात्र वंशावळीच्या तक्त्यात सहसा लिहिलेले नसते. विसाव्या शतकात मोठ्या कष्टाने छापलेले कित्येक कुलवृत्तांत मी आदराने वाचले आहेत. त्यांच्यामुळे शेकडो घराण्यांची गोत्रे, कुलदैवते, मूळ गावे आणि शाखा कागदावर आल्या. पण त्यांतल्या बऱ्याच जुन्या तक्त्यांत सुनेचे सासरचे नाव तेवढे असते आणि लेकीचा पत्ताच नसतो. निम्मे घराणे वगळून काढलेली वंशावळ अपुरी तर असतेच, शिवाय ती पुढच्या शोधाच्या वाटाही बंद करते. माझ्या मते या कामातली सर्वांत मोठी सुधारणा इथेच करायची आहे.

मग बायकांची नावे कुठे मिळतात? पहिली जागा घरातच आहे आणि ती पितृपंधरवड्यात उघडते. ज्या घरांत पक्ष विधिपूर्वक होतो तिथे तर्पणासाठी नावांची एक वही किंवा निदान एक घडी पडलेला कागद असतो. तीत वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावे असतात. आईकडचे तिघे त्यांच्या बायकांसह असतात. पुढे चुलते, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे यांचीही नावे येतात. तक्त्यात जिला जागा मिळाली नाही ती आत्या या वहीत असते. ज्यांच्याकडे वही नाही पण म्हाळ घालण्याची रीत आहे, तिथे तिथी विचारावी. म्हाळ मृत्यूच्या तिथीला घालतात. म्हणजे साल विसरले गेले तरी तिथी शिल्लक असते, आणि दुसरीकडून साल मिळाले की पंचांगावरून नेमका दिवस काढता येतो. एखाद्या पणजीचे श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली हे कळते. मग तिच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले का, धाकटी मुले कोणाची, हे पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात.

दुसरी जागा म्हणजे आहेराची वही. लग्न लागल्यावर एक माणूस मांडवात वही घेऊन बसतो आणि कोणी काय दिले ते लिहून ठेवतो, कारण उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढे परत करायचे असते. १९३० किंवा १९५० सालची अशी वही मिळाली तर ती जपून हाताळावी. तीत नावापुढे गाव असते, कधी नाते असते, आणि आहेराच्या मोठेपणावरून नात्याची जवळीक कळते. आज ज्या गावाशी आपला काही संबंध नाही त्या गावातून पाच-सहा आहेर आलेले दिसले, तर तिथे कोणाची तरी लेक दिलेली आहे किंवा तिथून सून आलेली आहे असे समजून चौकशीला लागावे. लग्नपत्रिका, रुखवताच्या याद्या, बाळंतपणासाठी माहेराला लिहिलेली कार्डे यांचाही असाच उपयोग होतो. हे कागद घरातल्या बायकांनी जपलेले असतात. म्हणून घरात पहिला प्रश्न आजोबांना विचारतात तो आजीला विचारावा.

आणि तो कसा विचारावा, तेही सांगतो. “पणजोबा कोणत्या साली वारले?” या प्रश्नाला म्हातारी माणसे गप्प होतात. “तुमच्या लग्नात पाठीशी मामा म्हणून कोण उभा होता?”, “पहिल्या दिवाळसणाला कोण न्यायला आलं?”, “सासूबाईंना माहेरची कोणती माणसं भेटायला यायची?” असे विचारले की नावांची रीघ लागते. साल हवे असेल तर ते एखाद्या घटनेशी जोडून मिळवावे. मुंबई-पुण्याचा १८९६-९७ चा प्लेग, १९१८ ची मानमोडी, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, बाहत्तरचा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट: यांच्या आधी की नंतर, एवढे विचारले तरी दहा वर्षांचा अंदाज दोन वर्षांवर येतो. नाव विचारताना पाळण्यातले, शाळेतले आणि हाक मारायचे अशी तिन्ही नावे विचारावीत. घराच्या आठवणीत फक्त अण्णा, तात्या, बापू असतात आणि दप्तरात पांडुरंग, नारायण, गणपती असतात. ही गाठ मारून देणारे माणूस गेले की ती पुन्हा मारता येत नाही.

शाळेचे जनरल रजिस्टर हा असाच एक मोठा ठेवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव नोंदले गेले. रजिस्टरात ते भिवा रामजी आंबेडकर असे आहे. हा शाळाप्रवेशाचा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आंबडवे हे त्या घराण्याचे कोकणातले गाव, वडील सैन्यात, जन्म महू येथे, शाळा साताऱ्यात. म्हणजे फक्त मूळ गावी शोध घेणाऱ्याला हा मुलगा सापडला नसता, आणि ‘भीमराव’ एवढेच नाव घेऊन रजिस्टर चाळणाऱ्याच्या नजरेतूनही तो निसटला असता. ज्या समाजांकडे सनदा, इनामे नव्हती त्यांचा इतिहास सापडणार नाही असे म्हणणाऱ्यांनी शाळा, पलटण, रेल्वे, गिरणी आणि म्युनिसिपालिटी यांची दप्तरे पाहावीत. महार वतनाचे कागद तर गावोगाव आहेत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली, तेव्हा कोणत्या जमिनी कोणाच्या वहिवाटीत होत्या याची नोंद झाली, आणि त्या नोंदीत कुटुंबेच्या कुटुंबे सापडतात. शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये. एका पिढीत १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावागणिक सापडतात, कारण जूनमध्ये शाळेत घालताना मास्तरांनी वयाचा अंदाज घेऊन तीच तारीख लिहिली.

दप्तर उघडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: त्या वर्षी आपले गाव कोणाच्या राज्यात होते? आजचा जिल्हा पाहून शोध सुरू केला की वर्षे वाया जातात. १९४० साली फलटण, औंध, भोर, जत, सावंतवाडी, सांगली ही संस्थाने होती. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिथले जुने कागद उर्दूत आणि फसली सनाचे. १९५४-५५ चे खासरा पत्रक हा तिथला हमखास मिळणारा आधार. नागपूरकडे बंदोबस्त मिसल मागावी लागते. कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचे लोक कुठे वसवले गेले ते आधी काढावे लागते.

गोव्याची रीत वेगळी. तिथे पोर्तुगीज राजवटीचे पुराभिलेखागार १५९५ मध्ये स्थापन झाले. ख्रिस्ती घराण्यांसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत आणि गावकारीची, म्हणजे कोमुनिदादीची दप्तरे आहेत. हिंदू घराण्यांना कुलदेवतेच्या स्थलांतराचा मोठा आधार होतो. श्रीमंगेशाचे स्थान १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. आज जे देऊळ आपले म्हणून दाखवतात ते फोंड्यात असले तरी घराण्याचा जुना माग अनेकदा सासष्टीत निघतो. समुद्रापार गेलेल्यांचेही असेच. रत्नागिरी, सावंतवाडीकडून एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. एखाद्या कोकणी घरात ‘एक भाऊ दर्यापार गेला, परत आला नाही’ एवढेच ठाऊक असेल, तर त्या भावाच्या नोंदीत त्याच्या बापाचे नाव आणि गाव मिळण्याची आशा धरायला जागा आहे. इथेही आडवी वाटच उपयोगी पडते.

पेशवाईच्या आणि इंग्रजी अमदानीच्या सुरुवातीच्या कागदांसाठी मोडी आली पाहिजे, किंवा ती येणारा भरवशाचा माणूस हवा. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि संक्षेप पुष्कळ असतात. शिकणाऱ्याने आधी आपले आडनाव, आपले गाव, शेजारची दोन-चार गावे आणि ओळखीची नावे मोडीत गिरवावीत. त्यांच्या आकाराची नजर बसली की पानभर न उलगडणाऱ्या मजकुरातही आपले गाव डोळ्यांत भरते. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. मोडी वाचणाऱ्याकडून सारांश घेऊ नये. ओळीला ओळ लावून बाळबोधात उतरवून घ्यावे. सारांशात जी नावे तो बिनमहत्त्वाची समजून वगळतो, ती साक्षीदारांची, शेजाऱ्यांची नावेच आपल्याला हवी असतात.

कालगणनेचा गोंधळ इतका होतो की त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन असतो आणि तो आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. म्हणून या सनातली जानेवारी ही १७६१ ची, म्हणजे पानिपताची. निजामी मुलखातल्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. मूळ कागदावरचा सन, तिथी जशीच्या तशी आधी उतरवून घ्यावी आणि इसवी तारीख शेजारी वेगळी लिहावी. नुसती इसवी तारीख लिहून ठेवली तर उद्या चूक कुठे झाली ते तपासता येत नाही.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल लोकांना फार श्रद्धा आहे आणि ती बऱ्याच अंशी योग्य आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, पुढे काशी, गया, प्रयाग इथल्या उपाध्यांकडे गावावार, आडनावावार नामावळी आहेत. यात्रेला आलेला माणूस आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे नाव सांगतो आणि कित्येकदा स्वतःच्या हाताने सही करतो. पणजोबांचे अक्षर तिथे पहिल्यांदा दिसते तेव्हा वाचणाऱ्याचे काय होते ते मी पाहिले आहे. पण या नोंदीचेही दोन भाग असतात. माणसाने स्वतःबद्दल, भावांबद्दल, मुलांबद्दल सांगितले ते डोळ्यांदेखतचे. खापरपणजोबांबद्दल सांगितले ते ऐकीव. दोन यात्रांमध्ये साठ-सत्तर वर्षांचे अंतर पडले असेल तर मधला सांधा कोणाच्या सांगण्यावरून जुळवला ते उपाध्यांना विचारावे. आणि आपल्या शाखेची नोंद मिळाली की उठू नये. त्याच गावाची पुढची-मागची पाने पाहावीत. भाऊबंदही याच उपाध्यांकडे आलेले असतात आणि त्यांनी सांगितलेली वंशावळ आपल्या वंशावळीची पडताळणी करते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी हेच काम फिरतीवर करतात. ठरलेल्या घरांना भेट देऊन ते कुळाच्या पिढ्या वाचून दाखवतात आणि नवी नावे चढवून घेतात. शेतकरी आणि कारागीर घराण्यांची जी माहिती त्यांच्याकडे आहे ती इतरत्र लिहिलेली सापडणे कठीण. ते दारात आले तर बिदागी देऊन वाटेला लावू नये. बसवून घ्यावे, सगळे ऐकावे आणि त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे.

कागद कोणी आणि कशासाठी लिहिला हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो. इनाम कमिशनचे उदाहरण घ्या. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करणे भाग पडले. त्यांनी कैफियती दिल्या, वंशावळी जोडल्या, आणि त्या पुण्याच्या पुरालेखागारात आज पाहता येतात. त्या काळच्या घराण्यांसाठी याहून भरगच्च साधन क्वचित असेल. पण ती वंशावळ देणाऱ्याचे उत्पन्न तिच्यावर अवलंबून होते. दत्तक औरस म्हणून दाखवला गेला असेल, हिस्सा मागणारी शाखा गाळली गेली असेल. अशा वेळी त्याच वतनाच्या दुसऱ्या दावेदाराने दिलेली वंशावळ शोधावी. दोन भांडणाऱ्या भाऊबंदांनी दिलेल्या दोन वंशावळी समोरासमोर ठेवल्या की ज्या नावांवर दोघांचे एकमत आहे ती जवळजवळ पक्की समजावीत, आणि जिथे ते वेगळे होतात तिथे आपला अभ्यास सुरू होतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून अस्सल कागदाचा आग्रह मराठी इतिहासलेखनाने धरला आहे. तो घराण्याच्या इतिहासालाही तितकाच लागू आहे.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. वारलेल्या आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे, त्यामुळे विठोजी बिन रामजी, रामजी बिन विठोजी, पुन्हा विठोजी बिन रामजी अशी नावे फिरत राहतात. यात दोन पिढ्या सहज गळतात किंवा एकच माणूस दोनदा मोजला जातो. एका रामजीपासून दुसऱ्या रामजीपर्यंत पन्नास-साठ वर्षांचे अंतर असायला हवे. ते वीस असेल तर ते चुलत भाऊ आहेत. दुसरे, आडनाव. कुलकर्णी, देशमुख, पाटील, देशपांडे हे हुद्दे आहेत, आणि शेजारच्या गावचा कुलकर्णी आपल्या कुळाचा असेलच असे नाही. गाव सोडल्यावर नव्या ठिकाणी जुन्या गावावरून ‘कर’ लागले, तर दोन सख्ख्या भावांची आडनावे दोन होतात.

अलीकडे या शोधाला वेगळीच निकड आली आहे. कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगावची जुनी रजिस्टरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्याआधीपासूनच जातपडताळणीसाठी १९५०, १९६१, १९६७ या वर्षांपूर्वीचे पुरावे गोळा करणे लाखो कुटुंबांना भाग पडले आहे. आजोबांच्या शाळेचा उतारा, चुलत आजोबांचा दाखला, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ: कपाटातली ती फाईल म्हणजे घराण्याच्या इतिहासाची सुरुवात आहे आणि ती भाऊबंदांच्या मदतीनेच जमलेली असते. दाखला मिळाला की लोक ती बाजूला टाकतात. माझी कळकळीची विनंती आहे की ती टाकू नये. एका शब्दासाठी जे पान शोधले त्या पानावर वय, गाव, धंदा, आईचे नाव, शेजाऱ्याचे नाव असे पुष्कळ काही असते. त्या पानाचा पूर्ण फोटो घ्यावा, रजिस्टरच्या मुखपृष्ठाचाही घ्यावा, आणि कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेला पाहिले ते मागे लिहावे.

शेवटी लिहिण्याबद्दल. वंशावळीतल्या प्रत्येक नावाला आधार लिहावा: कागद असेल तर कागद, तोंडी असेल तर कोणी, केव्हा सांगितले. सांधा जुळत नसेल तर जागा कोरी सोडावी. कोरी जागा पाहून उद्या कुणी तरी कागद घेऊन येतो. अंदाजाने भरलेल्या जागेकडे कोणी पुन्हा पाहत नाही. दत्तक, दुसरे लग्न, काडीमोड, घर सोडून गेलेली बाई यांच्या नोंदी घरच्या वहीत जशाच्या तशा ठेवाव्यात. छापताना हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते वगळावेत, आणि ज्या गोष्टीने जिवंत माणसाला लाज किंवा त्रास होईल ती त्याला विचारल्याशिवाय छापू नये. छापील प्रत गावच्या वाचनालयात आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी द्यावी. घरच्या वहीची नक्कल मात्र दोन ठिकाणी हवी: एक चुलत्यांकडे आणि एक सासरी गेलेल्या लेकीकडे. तीत तिच्या मुलाबाळांची नावे तिने स्वतः लिहावीत, आणि वर तिच्या सासूचे माहेर कोणते तेही.